बिजागरी सुटते ती कुठे?

पावसाळा ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. चार महिने माळ्यावर, कपाटावर किंवा पलंगाखाली विसावलेली मॉडेल विमाने बाहेर निघतात, मंडळी पहाटेची कर्जत लोकल पकडून किंवा गाडीच्या डिकीत पंख सांभाळत मोकळ्या माळरानाकडे जातात, आणि पहिल्या काही रविवारांतच कुणाचे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते पाते) तर कुणाचे एलेव्हेटर (शेपटीचे हलते पाते) हवेत सुटते. मोटर बंद पडली तर विमान तरंगत उतरवता येते. पण ही हलती पाती ज्या बिजागऱ्यांवर फिरतात त्याच निखळल्या, तर हातातल्या रिमोटचा काही उपयोग उरत नाही. म्हणून या अंकात केवळ बिजागऱ्या पक्क्या करण्याविषयीची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न (एक वाचक, दादर): सप्रेम नमस्कार. दीड मीटर पंखांचे, बाल्सा या हलक्या लाकडाचे माझे ट्रेनर (शिकाऊ) विमान तिसऱ्याच उड्डाणात उजवे एलेरॉन सुटल्यामुळे पडले. बिजागऱ्या किटसोबत आलेल्या, सीए प्रकारच्या (सीए या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवायच्या) होत्या. जुलै महिन्यात घरीच प्रत्येक बिजागरीवर पातळ सीएचे दोन-दोन थेंब टाकले होते आणि नंतर हलकेच ओढूनही पाहिले होते. तिन्ही बिजागऱ्या एलेरॉनमध्ये घट्ट राहिल्या, पंखातून मात्र अलगद बाहेर आल्या. गोंद निकृष्ट असावा का? छायाचित्र सोबत जोडले आहे.

उत्तर: गोंदाला दोष देण्यापूर्वी सुटलेली बिजागरी भिंगाखाली धरून पाहावी, कारण काय घडले ते तिच्यावरच उमटलेले असते. तिच्यावर लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर गोंदाने आपले काम केले आणि लाकूड फाटले असे समजावे; त्या जागचा बाल्सा फार मऊ होता किंवा आत पुरेसे भरीव लाकूडच नव्हते. बिजागरी मधोमध फाटली असेल, तर पंख आणि पाते यांच्यात फट जास्त राहिली होती आणि त्या फटीत ती वारंवार दुमडून झिजली. आणि ती कोरी, पांढरी, बोटाला कापडासारखी मऊ लागत असेल, तर गोंद तिथवर पोहोचलाच नाही. तुमच्या छायाचित्रात पंखाकडचा भाग तोंडाशी जेमतेम दोन मिलिमीटर कडक आणि चकचकीत दिसतो. त्यापुढचा सारा भाग कोरा आहे. पहिली दोन उड्डाणे ते एलेरॉन एवढ्याशा पकडीवर तरले.

असे का झाले, हे समजण्यासाठी ही बिजागरी कशी बनते ते पाहावे लागेल. मध्ये पॉलिएस्टरचा पातळ, चिवट पत्रा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना टीपकागदासारखा शोषून घेणारा तंतूंचा थर असतो. पाण्यासारखा पातळ सीए या थरातून आत झिरपत जातो आणि भोवतीच्या लाकडातही उतरतो. तो वाळला की बिजागरी आणि लाकूड एकजीव होतात. म्हणजे इथे गोंद लावायचा नसतो, तो पाजायचा असतो. जाड किंवा मध्यम सीए इथे चालत नाही, कारण तो झिरपत नाही.

आता जुलै महिना. सीए, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हा पदार्थ हवेत सुकून घट्ट होत नाही. वस्तूंच्या पृष्ठभागावर असलेल्या सूक्ष्म ओलाव्याने त्याची साखळी जुळू लागते. 1942 साली अमेरिकेत बंदुकीवर नेम धरण्याच्या साधनांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना तो प्रथम हाती आला, तेव्हा ज्याला त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला; गोंद म्हणून तो बाजारात आला 1958 साली. मुंबईच्या जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, आणि रात्रभर उघड्या खिडकीपाशी पडलेला बाल्सा ती पिऊन बसलेला असतो. अशा लाकडावर थेंब पडला की तो खाचेच्या तोंडाशीच घट्ट होतो आणि मागून येणाऱ्या थेंबाची वाट अडवतो. पावसाळ्यात हे काम टाळता येत नसेल तर लाकूड आणि बिजागऱ्या आदल्या रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवाव्यात आणि काम वातानुकूलित खोलीत करावे. गोंदाची बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड बाटलीत दव धरते आणि गोंद आतच घट्ट होऊ लागतो.

दुसरी चूक दोन थेंबांची. साधारण 20 मिलिमीटर रुंद आणि 25 मिलिमीटर लांब बिजागरीला दोन थेंब फारच अपुरे आहेत. मी पुढीलप्रमाणे करतो. धारदार, नवे पाते लावलेल्या सुरीने खाच लाकडाच्या बरोबर मध्यरेषेवर पाडतो. ती इतकी तंग नसावी की बिजागरी ठोकून बसवावी लागेल, कारण दाबले गेलेले तंतू गोंद शोषत नाहीत, आणि इतकी सैलही नसावी की बिजागरी आत डुलेल, कारण पातळ सीए मोकळी जागा भरू शकत नाही. विमानावर फिल्म (प्लॅस्टिकचे पातळ आवरण) चढवलेली असेल तर खाचेच्या भोवतालची फिल्म कापून काढतो, नाहीतर गोंद तिच्यावरून घरंगळतो. मग खाचेच्या मध्यभागी दोन ते अडीच मिलिमीटरचे भोक सुमारे 12 मिलिमीटर खोल पाडतो. हे भोक बहुतेक जण कंटाळ्यापोटी वगळतात, आणि माझ्या मते सगळे त्यातच आहे: त्या बोगद्यातून गोंद थेट बिजागरीच्या टोकापर्यंत धावतो आणि तिथून बाहेरच्या बाजूला झिरपत येतो. तुमच्या पंखात असे भोक असते तर आतला भाग कोरा राहिला नसता.

बिजागरीच्या मधोमध टाचणी टोचून ठेवावी म्हणजे ती दोन्ही बाजूंना सारखी जाते. पाते जागेवर बसले की टाचण्या काढून फट एक मिलिमीटरच्या आत आणावी, पाते एका बाजूला पूर्ण वळवून धरावे आणि प्रत्येक बिजागरीच्या उघड्या भागावर तीन ते चार थेंब, एकेक करून, आधीचा शोषला गेल्यावर पुढचा, असे सोडावेत. मग लगेच विमान उलटे करून दुसऱ्या अंगाने तितकेच. गोंद लवकर वाळवणारा फवारा इथे कधीही मारू नये. दहा-पंधरा मिनिटे हात लावू नये.

मी स्वतः दुसरे अंग एकदा विसरलो आहे. वरच्या बाजूने थेंब सोडले, तेवढ्यात दाराची घंटा वाजली, परत आलो तो पुढच्या कामाला लागलो. नेरळजवळच्या भाताच्या खाचरात विमान नाकावर रुतले तेव्हा एलेव्हेटरचा एक अर्धा भाग शेपटीला लोंबत होता, आणि त्याच्या बिजागऱ्या एका अंगाने पिवळसर, कडक आणि दुसऱ्या अंगाने कोऱ्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक बिजागरीशेजारी फिल्मवर पेन्सिलीने दोन बारीक रेघा मारतो, एक वरच्या अंगासाठी आणि एक खालच्या, आणि थेंब सोडल्यावर त्या पुसतो.

ओढून पाहण्याविषयी एवढेच सांगेन की ‘हलकेच’ ओढणे पुरेसे नाही. दोन मिलिमीटरची पकडही हलका ओढा सहन करते. पाते प्रत्येक बिजागरीपाशी स्वतंत्रपणे चिमटीत धरून, जाम झालेला ड्रॉवर उघडताना जेवढा जोर लावतो तेवढा लावावा. घरात सुटली तर पुन्हा बसवता येते.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): मी मोठ्या विमानासाठी खिळीवर फिरणाऱ्या नायलॉनच्या बिजागऱ्या घेतल्या आणि पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने बसवल्या. पाते आता इतके जड फिरते की सर्वो (पाते फिरवणारी छोटी मोटर) कुरकुरतो. दोन बिजागऱ्या तर मुळीच वळत नाहीत. काय चुकले?

उत्तर: दोन गोष्टी चुकल्या असाव्यात. मुळीच न वळणाऱ्या बिजागऱ्यांच्या सांध्यात इपॉक्सी शिरला आहे. जड फिरणाऱ्या बहुधा एका सरळ रेषेत नाहीत. दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी एक जरी पुढे-मागे बसली तर दार जसे अडते, तसेच इथे होते.

सांध्यात गोंद शिरू नये यासाठी टूथपिकच्या टोकाने फक्त खिळीच्या जागी व्हॅसलीन भरावे. तेल वापरू नये. ते पसरत जाऊन बिजागरीच्या पानावर, म्हणजे लाकडात शिरणाऱ्या चपट्या भागावर, पोहोचते आणि तिथे इपॉक्सी धरत नाही. व्हॅसलीन भरलेली बोटे पानाला लागणार नाहीत हेही पाहावे. नायलॉनला कुठलाच गोंद मनापासून चिकटत नाही, म्हणून या बिजागरीच्या पानांवर भोके ठेवलेली असतात: इपॉक्सी त्या भोकांतून आरपार जाऊन दोन्ही बाजूंच्या लाकडाला जोडला जातो आणि वाळल्यावर रिव्हेटसारखा अडकतो. सारा भार या अडकण्यावर असतो, त्यामुळे गोंद पानाला फासून पान खाचेत सरकवणे उपयोगाचे नाही. पान आत जाताना तोंडाशीच सगळा गोंद खरवडला जातो. गोंद पातळ पट्टीने आधी खाचेच्या आत भरावा, पानांवर पॉलिशपेपरने ओरखडे काढावेत, आणि मगच पान घालावे. बाहेर आलेला गोंद स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने तत्काळ पुसावा.

पाच मिनिटांचा इपॉक्सी या कामासाठी माझ्या मते चुकीची निवड आहे. समजा सहा बिजागऱ्या, म्हणजे बारा पाने. तिसऱ्या पानापर्यंत गोंद ताणू लागतो आणि मग माणूस घाई करतो. अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी घ्यावा आणि काम दोन रात्रींत विभागावे: पहिल्या रात्री सर्व बिजागऱ्या फक्त हलत्या पात्यात, दुसऱ्या रात्री पंखात. सांध्याचा गोल भाग बाहेर उंच राहू नये म्हणून त्याच्यासाठी काठात छोटे घर कोरावे, आणि सर्व खिळ्या एका ओळीत आहेत की नाहीत हे पोलादी पट्टी टेकवून पाहावे. गोंद घट्ट होत असताना अधूनमधून पाते वर-खाली करत राहावे.

ज्या दोन बिजागऱ्या अडकल्या आहेत, त्यांच्या सांध्यातला गोंद अजून काढता येईल. सुईचे टोक तापवून सांध्यालगत फिरवल्यास इपॉक्सी मऊ होतो आणि कोरून निघतो. नायलॉन वितळेल इतकी सुई तापवू नये. ओळच चुकली असेल तर मात्र बिजागऱ्या कापून काढून शेजारी नव्या खाचा पाडण्यावाचून गत्यंतर नाही. सर्वोने जोर लावून चालवून घ्यायचा मोह टाळावा, कारण तो जोर प्रत्येक उड्डाणात त्याच बिजागऱ्यांवर पडत राहतो.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, डोंबिवली): आमच्या गटाने थर्मोकोलचे विमान केले आहे. सीए लावताच थर्मोकोल वितळला. मग बिजागऱ्या कशा बसवायच्या?

उत्तर: साधा सीए पांढऱ्या थर्मोकोलला खातो, हे तुम्ही पाहिलेच. तयार विमानांत वापरला जाणारा लवचीक ईपीओ फोम त्याला बहुतांशी दाद देत नाही, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये. थर्मोकोलवर बिजागरी रुजवण्याच्या फंदात न पडता टेपची बिजागरी करावी. हलक्या विमानाला ती उत्तम चालते आणि वरची फट आपोआप बंद करते. हलत्या पात्याची पुढची कड खालच्या अंगाने 45 अंशांत तिरपी कापावी, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडे करावेत, पाते खाली पूर्ण वळवून ठेवून मग वरच्या बाजूला एकसंध पारदर्शक टेप चिकटवावी आणि नखाने घासून बसवावी. नंतर पाते वर पूर्ण दुमडून खालून उघडलेल्या आतल्या कोनात टेपचे दोन-तीन छोटे तुकडे लावावेत, म्हणजे वरच्या टेपचा गोंद आतून गोंदाला भेटतो. विमान उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये; टेपचा गोंद उष्णतेने सरकतो आणि फट हळूहळू वाढते.

प्रश्न (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव): एनसीसीच्या हवाई शाखेत असताना आम्ही तारेवर फिरणारी विमाने करत असू आणि एलेव्हेटर चक्क दोऱ्याने शिवत असू. नातवाला तसे करून दाखवायचे आहे. आज ती पद्धत सुरक्षित मानावी का?

उत्तर: आपले पत्र वाचून फार आनंद झाला. होय, नक्की करावी. शिवलेली बिजागरी तुटताना एकदम तुटत नाही, टाका टाका उसवत जातो, आणि डोळ्यांना दिसते. हा गुण इतर कुठल्याही बिजागरीत नाही. दोरा नायलॉनचा घ्यावा, कारण सुती दोरा इथल्या दमट हवेत कुजतो. दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर भोके पाडून इंग्रजी आठाच्या आकाराने, एकदा वरून एकदा खालून, दोरा ओवत जावे. आपण जाणताच, तरी नातवासाठी लिहितो: गोंदाचा थेंब फक्त गाठीवर आणि भोकात द्यावा. फटीतल्या दोऱ्यावर तो गेला तर दोरा तिथे काचेसारखा कडक होतो आणि दुमडताना मोडतो.

प्रश्न (एक वाचक, बोरिवली): पाच-सहा वर्षांपूर्वीचे बाल्साचे विमान एका परिचितांकडून घेतले. ते तीन पावसाळे माळ्यावर होते. बिजागऱ्या दिसायला ठीक आहेत, पण परवा वेगात खाली येताना शेपटीकडून मोठा भुणभुणाट ऐकू आला आणि विमान थरथरले. उतरवल्यावर काही तुटलेले दिसले नाही. पुन्हा उडवावे का?

उत्तर: इतक्यात नाही. तो आवाज म्हणजे फ्लटर असण्याची दाट शक्यता आहे: ठरावीक वेगापुढे हलते पाते हवेच्या प्रवाहात स्वतःहून फडफडू लागते, आणि ती फडफड क्षणात इतकी वाढते की पाते, बिजागऱ्या किंवा सर्वोचे दाते तुटतात. बिजागऱ्यांचा सैलपणा, पुशरॉडची (सर्वो आणि पाते जोडणाऱ्या दांडीची) ढिलाई आणि रुंद फट ही नेहमीची कारणे आहेत. पुन्हा कधी असा आवाज आला तर तत्क्षणी थ्रॉटल (मोटरचा जोर) खाली घ्यावा आणि नाक हलकेच वर उचलून वेग कमी करावा. एलेव्हेटर जोरात ओढू नये. आणि आवाज एकदा ऐकला की काही तुटलेले दिसो वा न दिसो, त्या पात्याच्या सगळ्या बिजागऱ्या संशयित धराव्यात, कारण त्या काही सेकंदांत त्यांनी शेकडो धक्के खाल्लेले असतात.

तपासणी अशी करावी. सर्वो चालू ठेवून, म्हणजे पाते जागेवर धरलेले असताना, त्याचे टोक बोटांनी वर-खाली करून पाहावे. पाते हलते पण हॉर्न (पात्यावरचा, पुशरॉड जोडायचा छोटा दांडा) हलत नाही, तर हॉर्न सैल आहे. हॉर्न हलतो पण सर्वोचा हात हलत नाही, तर पुशरॉडच्या भोकांत ढिलाई आहे. दोन्ही ठीक असतील तर दिव्याच्या उजेडात फटीकडे पाहत प्रत्येक बिजागरीपाशी पाते मागे ओढावे. फट केसभरही रुंदावली तर ती बिजागरी आतून सुटलेली आहे. बिजागरीजवळची फिल्म सुरकुतलेली किंवा तिच्याखाली लाकूड काळवंडलेले दिसले तर माळ्यावरच्या ओलीने बाल्सा खराब झाला आहे, आणि तिथे कोणताही गोंद धरणार नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागेल.

लाकूड निरोगी असेल तर जुनी बिजागरी न काढता तिला खुंटी मारता येते. कडेपासून सुमारे पाच मिलिमीटर आत, बिजागरीच्या रुंदीत दोन ठिकाणी, वरच्या पृष्ठभागातून बिजागरीच्या पानातून खालपर्यंत आरपार जाईल असे टूथपिकच्या जाडीचे भोक पाडावे. बांबूच्या टूथपिकला सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी लावून ती भोकात सरकवावी, दोन्ही बाजूंनी पृष्ठभागाशी समतल कापावी आणि वर फिल्मचा छोटा गोल तुकडा इस्त्रीने चिकटवावा. हेच पात्याच्या बाजूलाही करावे. मग गोंद सुटला तरी पान लाकडातून ओढले जाऊ शकत नाही. एलेव्हेटरच्या प्रत्येक अर्ध्या भागाला दोनच बिजागऱ्या असतील तर मधे तिसरी नवी घालावी; दोहोंपैकी एक सुटली तर पाते गेले, तिघींपैकी एक सुटली तर विमान घरी येते. शेवटी खालच्या बाजूने फटीवर पारदर्शक टेपची पट्टी लावून फट बंद करावी, पाते दोन्ही दिशांना पूर्ण फिरते याची खात्री करावी, आणि पहिली दोन उड्डाणे निम्म्या थ्रॉटलवर, सूर न मारता करावीत. उतरल्यावर त्याच बिजागऱ्या पुन्हा ओढून पाहाव्यात आणि काय आढळले ते आम्हाला अवश्य कळवावे.